सर्पविष केंद्राला परवाना देण्याआधी: वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

देशातल्या प्रतिविषासाठी, म्हणजे सर्पदंशावरच्या औषधासाठी, लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. घोणस जातीच्या सापाचे विष मात्र प्रदेशागणिक बदलते, त्यामुळे तिकडच्या विषावर बनलेले औषध इकडच्या दंशावर अपुरे पडू शकते. राज्यात स्वतंत्र केंद्र हवेच. वन्यजीव अधिनियम, १९७२ च्या कलम १२ मध्ये औषधासाठी विष काढण्याची तरतूद आहे. आमचे म्हणणे परवान्याच्या अटींबद्दल आहे.

रानातून पकडलेला साप बहुधा जंत आणि गोचिड्या घेऊनच येतो. त्याला किमान दोन महिने वेगळ्या खोलीत, साप उचलण्याच्या वेगळ्या हुकाने हाताळावे. तळाला माती नको, कोरा कागद घालावा, म्हणजे विष्ठा आणि माइट (सापाचे रक्त शोषणारे बारीक किडे) दिसतात. साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसून राहिला आणि तळाशी मिरपुडीसारखे काळे कण साचले, तर माइट आलेच समजा. अशा एका सापावरून सगळी खोली भरते. प्रत्येक पेटीत बाहेरून बंद करता येणारा लपण्याचा डबा हवा. साप आत कोंडला की साफसफाईत दंशाची भीती फार कमी होते. तरीही काम दोघांनीच करावे आणि प्रतिविष, तसेच ते देऊ शकणारे रुग्णालय आधीच ठरलेले असावे.

खाणे न घेतल्याने बरेच साप दगावतात. मण्यार रानात मुख्यतः दुसरे साप खातो, बंदिवासात उंदराला बहुधा तोंड लावत नाही. मेलेल्या उंदरावर सापाची कात चोळली की पुष्कळदा घेतो. जिवंत उंदीर कधीच सोडू नये, तो सापालाच कुरतडतो. विष काढताना जबडा जोराने दाबला तर हिरड्या फाटतात, तोंड सडते आणि साप खाणे सोडतो. विष काढण्याच्या दोन वेळांत निदान तीन आठवडे जाऊ द्यावेत.

आता पैदाशीबद्दल, कारण खरी फसवणूक इथे होते. पकडून आणलेली घोणस मादी पोटुशी असली तर केंद्रात वीस-चाळीस पिल्ले देते आणि कागदावर ‘बंदिवासातील पैदास’ अशी नोंद होते. ही पैदास नव्हेच, मिलन रानात झालेले असते. मादी नराचे वीर्य साठवूनही ठेवू शकते, म्हणून पकडल्यानंतर काही महिन्यांनी झालेली वीणही पुरावा ठरत नाही. केंद्रात जन्मलेल्या नर-मादीची पिल्ले झाली तरच पैदास धरावी. पिल्लांचे विष प्रौढांपेक्षा वेगळे असते, ते प्रौढांच्या विषात मिसळू नये. ती मोठी होईपर्यंतच्या काही वर्षांच्या खर्चाची तरतूद आधीच हवी.

म्हणून परवान्यात तीन गोष्टी लिहाव्यात: प्रत्येक सापाला मायक्रोचिप आणि पकडल्याच्या गावाची नोंद, विषाच्या प्रत्येक कुपीवर त्या सापांचे क्रमांक, आणि रानातून आणायच्या सापांवर जातवार मर्यादा. मेलेल्या प्रत्येक सापाचे शवविच्छेदन व्हावे. त्याचा अहवाल आल्याशिवाय त्याच्या जागी नवा साप पकडू देऊ नये.

आपले,
सर्पपालन व विषसंकलन क्षेत्रात काम करणारे