करंडीभर मॅकरोनी

प्रिय मित्रा,

चौदा महिने झाले, तुला पत्र नाही. मधे दोनदा फोन झाला, पण तू गाडीत होतास आणि मी शिक्षकखोलीत, त्याला काही बोलणं म्हणत नाहीत. रागावला असशील तर राग जरा बाजूला ठेव आणि आधी हे वाच. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यात अर्थ नाही. मी बरा आहे. गुडघा दुखतो, गोळी घेतो. आई ठीक.

मार्को पोलोवरून आपलं झालेलं भांडण आठवतं ना? आठवत नाही असं म्हणू नकोस, तू अशा गोष्टी विसरणारा नाहीस. खोलीत आपण सहाजण होतो. मी रंगात येऊन सांगत होतो की मार्को पोलो चीनला गेला, तिथल्या शेवया पाहिल्या, घेऊन आला आणि इटलीला पास्ता मिळाला. तू म्हणालास, "ही थाप आहे. पास्ता तिथं आधीपासून होता." मी पुरावा मागितला. त्या क्षणी तुझ्याजवळ पुस्तक नव्हतं. मी आवाज चढवला, बाकीचे हसले आणि तू डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलास. बंड्यानं मधे पडून समेट घडवेपर्यंत चार दिवस गेले. त्या समेटातही मी चूक कबूल केली नाही, फक्त चहा पाजला.

तर, तुझं बरोबर होतं. हे लिहायला मला बावीस वर्षं लागली.

झालं असं. आठवीच्या वर्गात तास संपायला दहा मिनिटं होती, म्हणून मी तीच गोष्ट सांगायला घेतली. दरवर्षी सांगतो. मुलं खूश होतात, इतिहास ताटात येऊन बसतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. अगदी शांत मुलगी, वर्षभरात दोनदा बोलली असेल. म्हणाली, "सर, हे त्यानं स्वतः लिहिलंय का?" मी म्हणालो, हो, असेलच. "असेलच" हा शब्द तोंडातून गेला आणि मला तू दिसलास, पांघरूण ओढून घेतलेला.

त्या रात्री शोधायला बसलो, आणि पुढचे पंधरा दिवस दुसरं काही केलं नाही.

मार्को १२७१ साली निघाला, १२९५ साली व्हेनिसला परतला. आता हे ऐक. अल-इद्रिसी नावाच्या भूगोलकारानं इटलीच्या टोकाशी असलेल्या सिसिली बेटाच्या दुसऱ्या रॉजर राजासाठी ११५४ साली ग्रंथ पुरा केला. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाची नोंद आहे. तिथं 'इत्रिया' म्हणजे सुक्या शेवया इतक्या बनतात की जहाजं भरभरून मुसलमान आणि ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत जातात, असं तो लिहितो. मार्कोच्या जन्माला तेव्हा शंभर वर्षं अवकाश होता! आणि १२७९ साली इटलीतल्याच जिनोवा शहरातल्या एका नोटरीनं कुणा पोंझियो बास्तोने नावाच्या सैनिकाच्या मालमत्तेची यादी केली, त्यात एक करंडी मॅकरोनी आहे. ती यादी लिहिली जात होती तेव्हा मार्को चीनमध्येच होता. पुढे १२९८च्या सुमारास त्यानं प्रवासाच्या हकिगती सांगून लिहवून घेतल्या त्या कैदेत असताना, आणि कुठल्या कैदेत, तर जिनोव्याच्याच! ज्या शहरात एकोणीस वर्षांपूर्वी ती करंडी वारसाहक्कात मोजली गेली, त्याच शहरात बसून तो माणूस बोलत होता. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. मी उठून खोलीत येरझाऱ्या घालत होतो आणि आई विचारत होती, काय झालं म्हणून.

मग गोष्ट आली कुठून? 'मॅकरोनी जर्नल' नावाचं अमेरिकेतल्या मॅकरोनी उत्पादकांचं धंद्याचं मासिक होतं. त्यात १९२९ साली एक कथा छापून आली. मार्कोच्या जहाजावरचा एक खलाशी किनाऱ्यावर उतरतो, तिथल्या बाईला कणकेच्या दोऱ्या करताना पाहतो, आणि त्या खलाशाचं नाव काय, तर स्पॅगेटी. तेव्हाच कळायला हवं होतं की नाही? माल खपवणाऱ्यांनी रचलेली करमणूक, आणि मी ती वीस वर्षं खडू हातात घेऊन सांगत आलो.

यात चीनचा काही कमीपणा नाही. तिथल्या लाजिया नावाच्या ठिकाणी उत्खननात उपड्या वाडग्याखाली चार हजार वर्षांपूर्वीच्या शेवया सापडल्या, २००५ साली ते जाहीर झालं. त्यांच्या शेवया त्यांच्या, सिसिलीच्या सिसिलीच्या. कणीक मळून लांब ओढायचं माणसांना एकाहून अधिक ठिकाणी सुचलं.

तू आता छाती फुगवून बसला असशील म्हणून सांगतो, क्रोसाँच्या बाबतीत तू चुकलास. तू काय म्हणायचास? क्रोसाँ फ्रान्सचा नाहीच, १६८३ साली तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, पहाटे जागे असलेल्या बेकरीवाल्यांनी भुयार खणल्याचा आवाज ऐकला, शहर वाचलं आणि त्या आनंदात चंद्रकोरीचा पाव झाला. छान सांगायचास, मान्य. पण चंद्रकोरीच्या त्या पावाचे, किप्फेर्लचे, उल्लेख तेराव्या शतकापासूनचे आहेत. वेढ्याची गोष्ट मागाहून चिकटवलेली. पॅरिसला तो नेला आउगुस्त झांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसानं, १८३०च्या दशकाच्या अखेरीस. रिशल्यू रस्त्यावर त्यानं व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, ती तुफान चालली, आणि १८४८ साली हा गृहस्थ मायदेशी परतून चक्क वर्तमानपत्र काढता झाला. पण आपण ज्याला क्रोसाँ म्हणतो, लोण्याच्या घड्या घातलेला, पापुद्रे सुटणारा, तो फ्रेंच हातांनीच घडवला, तोही विसाव्या शतकात. म्हणजे "फ्रान्सचा" म्हणणारा अर्धा बरोबर, "व्हिएन्नाचा" म्हणणारा अर्धा बरोबर, आणि वेढ्याची गोष्ट सांगणारा तू साफ चूक. आपण एक-एकच्या बरोबरीत आहोत. ज्याला जग डॅनिश पेस्ट्री म्हणतं तिला डेन्मार्कमध्ये 'व्हिएन्नाचा पाव' म्हणतात, आणि व्हिएन्नात तिचं नाव कोपनहेगनवरून. हे जाड्याला सांग, तो खुर्चीवरून पडेल.

सीझर सॅलडचा ज्युलियस सीझरशी संबंध नाही. सीझर कार्दिनी नावाच्या इटालियन माणसानं ते मेक्सिकोतल्या तिहुआनात, १९२४ साली केलं. हवाईयन पिझ्झा कॅनडाचा आहे. १९६२ साली ओंटारिओतल्या चॅटममध्ये ग्रीसहून आलेल्या सॅम पानोपुलोसनं डब्यातला अननस त्यावर घातला आणि नाव पडलं त्या डब्यावरच्या 'हवाईयन' या छापावरून. किवी चीनचं फळ. १९०४ साली एका मुख्याध्यापिकेनं तिथून बिया न्यूझीलंडला आणल्या आणि 'किवी' हे नाव १९५९ साली निर्यातदारांनी विक्रीसाठी दिलं. टोमॅटो तर इटलीचा म्हणून आपण शपथेवर सांगितलं असतं. तो अमेरिका खंडातून आला, आणि टोमॅटोच्या सॉसची इटलीत छापलेली पहिली कृती, अंतोनियो लातीनीची, सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकातली, तिच्या नावातच 'स्पॅनिश पद्धतीचा' असं आहे. तिथवर मला नुसती मजा वाटत होती.

मग फॉर्च्यून कुकी आली आणि मजा संपली.

तो भविष्याची चिठ्ठी घातलेला दुमडलेला बिस्किटाचा तुकडा. सगळं जग त्याला चिनी समजतं, चिनी हॉटेलात जेवणानंतर देतात म्हणून. तो जपानचा आहे. क्योतोतल्या फुशिमी इनारी देवस्थानाच्या आसपास पिढीजात दुकानांत लोखंडी साचे निखाऱ्यावर धरून अशी बिस्किटं करतात, जरा मोठी, काळपट, तीळ आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, घातलेली. चिठ्ठी आत नसते, घडीत खोचलेली असते. यासुको नाकामाची या संशोधक बाईंनी वर्षानुवर्षं शोध घेऊन १८७८ सालचं एक चित्र हुडकून काढलं, त्यात माणूस तीच बिस्किटं भाजतो आहे. जपान्यांनी ती कॅलिफोर्नियाला नेली. तिथं त्यांच्या बेकऱ्या होत्या. मग दुसऱ्या महायुद्धात अमेरिका जपानशी लढत असताना, फेब्रुवारी १९४२मध्ये, सरकारी हुकूम निघाला आणि सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत डांबलं. बहुतेक जण अमेरिकेचे नागरिक होते रे. भट्ट्या विझल्या. तो धंदा चिनी वंशाच्या कारखानदारांनी उचलला, आणि युद्धानंतर बिस्किट चिनी झालं.

त्यात चिनी लोकांचा दोष मी काढत नाही, मागणी होती ती त्यांनी पुरवली. पण मला झोप लागेना. मार्को पोलोच्या थापेनं कुणाचं फार बिघडलं नसेल. इथं मात्र चुकीच्या समजुतीखाली माणसं गाडली गेली आहेत. खाणारा बिस्किट मोडतो, चिठ्ठी वाचतो, आणि ते भाजणारा कुठं गेला हा प्रश्न त्याला पडतच नाही, कारण उत्तर आधीच तयार आहे.

बंड्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "मुलांना गोष्ट आवडते ना? मग झालं. तू काय कोर्टात साक्ष देतोयस?" मी त्याच्यावर ओरडलो. तुझ्यावर ओरडलो होतो तसाच, या वेळी उलट्या बाजूनं. नंतर वाईट वाटलं.

माझी काळजी हीच आहे आणि ती मी तुझ्यापुढे ठेवतोय. सोमवारी त्या वर्गात जाऊन चूक सांगणार, ते ठरलंय, त्या मुलीचं नाव घेऊन सांगणार. पण आधीच्या वीस वर्षांतली मुलं? त्यांतली काही आता स्वतः शिक्षक आहेत! ती माझ्या विश्वासावर पुढं सांगत असतील. त्यांना कुठं गाठू? आणि दुसरं, मला भीती वाटते की एकदा गोष्टी मोडायला लागलो की मुलांना वाटेल कशातच काही खरं नाही, सगळंच कुणाचं तरी उचललेलं. तसं तर नाही ना. त्राबियाच्या शेवया खऱ्या आहेत, झांगची बेकरी खरी आहे. मला त्यांना एवढंच शिकवायचंय की कागद कधीचा आहे ते बघा. मार्को परतल्यावर ६३४ वर्षांनी छापलेली कथा आणि तो चीनमध्ये असताना लिहिलेली यादी यांतलं कुणाचं ऐकायचं? तू हे त्या वयातच कसा विचारत होतास? आणि मी तुला गप्प का केलं?

तुझ्या बदलीचं काय झालं ते कळव. वहिनींची परीक्षा सुटली का? पिल्लू आता धावत असेल, फोटो पाठव. नवं घर लागलं असेल तर पत्ता दे, हे पत्र जुन्याच पत्त्यावर टाकतोय.

सोमवारी करंडीपासून सुरुवात करू की फॉर्च्यून कुकीपासून? मला वाटतं करंडीपासून, पण छावणीचं आठवीच्या मुलांना कसं सांगावं हे सुचत नाहीये. रविवारपर्यंत फोन कर. गाडीत असशील तर करू नकोस, घरी पोचल्यावर कर.

तुझाच