पाणी भरण्याआधी हवा भरून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चतुर्थीला चाकरमानी गावी येतात, तेव्हा हल्ली त्यांच्या सामानात मोठाले संगणकही असतात. ॲनिमेशन, व्हिडिओ एडिटिंग, घरांचे त्रिमितीय आराखडे अशी कामे करणारी कितीतरी मुले आता गावातच राहून काम करतात, याचा मला मनापासून आनंद आहे. मी कुडाळला संगणक दुरुस्तीचे काम करते. या मुलांच्या बऱ्याच यंत्रांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड थंड ठेवायला पंख्याऐवजी पाणी फिरवलेले असते. पंप, टाकी, पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा रेडिएटर, प्रोसेसर-कार्डावर बसणारे तांब्याचे पोकळ ब्लॉक आणि नळ्या सुट्या घेऊन कोणीतरी हाताने जोडलेले. अशी यंत्रे गळकी होऊन माझ्या टेबलावर येतात, आणि त्यातली बहुतेक गळती टाळता आली असती. म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट प्रवासाची. शहरातला दुकानदार पाणी भरलेले यंत्र खोक्यात घालून पाठवतो आणि ते मुंबई-गोवा महामार्गावरचे खड्डे खात इथवर येते. ग्राफिक्स कार्डावर तांब्याचा जड ब्लॉक आणि त्यात पाणी. प्रत्येक धक्क्याला ते कार्ड आपल्या खाचेत हलते आणि त्याला जोडलेली नळी ओढली जाते. मऊ नळी हा ताण सोसते. काचेसारखी दिसणारी कडक नळी सोसत नाही, कारण ती फिटिंगच्या, म्हणजे नळी जोडायच्या धातूच्या तुकड्याच्या, आत फक्त ओ-रिंगांच्या (गोल रबरी कड्यांच्या) पकडीवर उभी असते. जरा तिरकी झाली की एका बाजूला फट पडते. घरी आणल्यावर मुलगा उत्साहाने बटण दाबतो, पंप सुरू होतो आणि पाणी वाट काढते.

परवा असेच एक यंत्र आले. पाणी साचले होते खाली, पॉवर सप्लायच्या झाकणावर, म्हणून घरच्यांनी खालचा सांधा पानाने आवळला होता. गळती तिथे नव्हतीच. वरच्या फिटिंगमधून सुटलेला थेंब नळीच्या पोटाखालून ओघळत कार्डाच्या कडेला येत होता आणि तिथून खाली पडत होता. पाणी जिथे दिसते तिथे ते सुटलेले असेलच असे नाही. मी प्रत्येक सांध्याभोवती टिश्यू पेपरची सैल गुंडाळी करते आणि सगळ्यात वरची कुठली गुंडाळी ओली झाली ते बघते. रंगीत द्रव असेल तर आणखी सोपे, वाळलेला डाग वाट दाखवतो. त्या फिटिंगमधली ओ-रिंग काढून भिंगाखाली धरली तर तिच्यावर नखाने ओरखडावी तशी बारीक चीर होती. नळी कापल्यावर तिची धार कोणी घासलीच नव्हती, तशीच आत दाबली होती. बारीक पॉलिश पेपरने कड गोल केली, नवी ओ-रिंग घातली, तिला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात दिला, आणि गळती थांबली. काही रुपयांच्या रबरापायी लाखाच्या वरचे कार्ड जायची पाळी आली होती.

खालचा जो सांधा पानाने आवळला होता, तिथे मात्र नवेच दुखणे तयार झाले होते. ब्लॉकचे ॲक्रिलिक आट्यांभोवती तडकले होते. टॉर्च तिरका धरला की केसासारखी चकाकती रेघ दिसते, ती हीच. या फिटिंगांत पाणी अडवते ती ओ-रिंग, आटे नव्हेत. हाताने घट्ट बसवून वर अगदी थोडा पीळ दिला की पुरे. पक्कड लावू नये आणि प्लंबरची टेफ्लॉन टेपही गुंडाळू नये. तडकलेले ॲक्रिलिक चिकटवून वापरण्याच्या फंदातही पडू नये, तो भाग बदलावाच लागतो.

आता मुख्य मुद्दा. हे सगळे पाण्याचा एक थेंबही न घालता आधीच कळू शकते. हातपंप आणि दाबमापक असलेले छोटे उपकरण बाजारात मिळते. यंत्रणा पूर्ण रिकामी असताना ते एका मोकळ्या तोंडाला जोडायचे, बाकीची तोंडे बुचांनी बंद करायची आणि साधारण ०.५ बार (बार हे दाबाचे माप) हवा भरायची. असल्या यंत्रांत नेहमी दिसणारा डी-५ पंप जास्तीत जास्त चारेक मीटर पाणी उचलण्याइतका, म्हणजे अंदाजे ०.४ बार जोर लावतो, त्यामुळे ही चाचणी कामाच्या दाबापेक्षा थोडी कडकच आहे. अर्धा तास काटा जागचा हलला नाही तर पाणी भरायला हरकत नाही. काटा उतरू लागला तर आधी ते उपकरणच गळत नाही ना हे बघावे, मग यंत्रणा अर्धी-अर्धी वेगळी करून तपासावी. ब्लॉक किंवा रेडिएटर पेटीबाहेर काढलेला असेल तर गॅसच्या नळीला लावतो तसा साबणाचा फेस सांध्याला लावावा, बुडबुडे येतात. सायकलच्या पंपाने मात्र हवा भरू नये. दाब हाताबाहेर गेला तर ॲक्रिलिकची टाकी फुटू शकते.

त्यानंतर पाण्याची चाचणी, तीही बाकीच्या भागांना वीज न देता. मदरबोर्डातून २४ पिनांची जोडणी काढून घ्यायची, त्या जोडणीवर जंपर (मदरबोर्डाविना पॉवर सप्लाय सुरू करणारे छोटे बूच) लावायचा आणि पॉवर सप्लायवर फक्त पंप चालवायचा. पंप कोरडा फिरवू नये, त्याचे बेअरिंग पाण्यावरच चालते. पेटी हलकेच कलती करत हवा बाहेर काढली की टाकीतली पातळी थोडी उतरते. त्याने घाबरू नये, ती गळती नव्हे. टिश्यूच्या गुंडाळ्या ठेवून २४ तास पंप चालू द्यावा.

आपल्याकडे एक समजूत फार ऐकू येते. ‘ताई, पावसाची हवा ती, मशिनाक घाम इलो आसतलो.’ चालू यंत्रातले पाणी खोलीतल्या हवेपेक्षा गरमच असते, कारण रेडिएटर ते खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. गरम नळीवर दव धरत नाही. एसी लावून गार केलेल्या खोलीत यंत्र बंद असताना पावसाळ्यात खिडक्या उघडल्या, तर थंड धातूवर दव येऊ शकते, एवढाच काय तो अपवाद. चालू यंत्रावर ओल दिसली की ती गळती समजूनच बटण बंद करावे.

दुसरी समजूत, डिस्टिल्ड वॉटरमधून वीज जात नाही म्हणून गळले तरी चालते. बाटलीतले शुद्ध पाणी वीज फारच कमी वाहून नेते हे खरे, पण यंत्रणेत फिरून धातूंचे क्षार त्यात उतरतात. शिवाय किनाऱ्यालगत बोर्डावर बसणाऱ्या धुळीत मीठ असते, तिच्यावर थेंब पडला की त्याचे खारे पाणी होते. म्हणून भिजलेला बोर्ड नुसता पुसून भागत नाही. भिंतीवरचा प्लग काढावा, बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढावी, भिजलेला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुवावा. आषाढात इथे नुसत्या हवेवर काही वाळत नाही, तेव्हा सिलिका जेल घालून बंद डब्यात ठेवावा आणि पूर्ण कोरडा झाल्याची खात्री पटेपर्यंत वीज देऊ नये. तांब्याचे ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात जोडलेले असतील तर तेही बदलून घ्यावे. दोन धातूंच्या त्या जोडीत ॲल्युमिनियम झिजत जाते आणि पुढे रेडिएटरच गळू लागतो.

गळती झाल्यावर दुकानदार ‘वाहतुकीत झाले’ म्हणून हात वर करतो, आणि पाण्याने झालेले नुकसान सुट्या भागांच्या वॉरंटीत सहसा बसत नाही. तरुण मुलाने कर्ज काढून घेतलेले यंत्र असे गेले की त्याचे कामही जाते. यंत्रे जोडून विकणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की ती पाणी काढून, कार्ड वेगळे बांधून पाठवा. आणि ग्राहकांनी बिलावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : हवेचा दाब किती दिला, किती वेळ टिकला आणि चाचणी कोणी केली. गावी पोचल्यावर हीच चाचणी पुन्हा करून मगच पाणी भरावे. ते उपकरण माझ्याकडे आहे, सावंतवाडी, कणकवली, मालवण इथल्या माझ्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्यांनीही एकेक घेऊन ठेवावे.

आपली,
एक संगणक दुरुस्तीकार, कुडाळ (जि. सिंधुदुर्ग)