दीदींच्या आधीची सुलोचना

प्रिय आई-बाबा,

फोनवर मी सुलोचना म्हटलं की बाबा लगेच सुलोचनादीदींवर जातात, म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय. मी म्हणतेय ती मूकपटातली, खरं नाव रूबी मायर्स, १९०७ चा जन्म, पुण्याचा, बगदादी ज्यू घरातली. टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर कंपनीच्या मोहन भवनानींनी सिनेमात ये म्हटलं तर आधी चक्क नाही म्हणाली, बऱ्या घरच्या मुली तेव्हा कुठे जायच्या त्यात! मग गेली ती अशी की इंपीरियल कंपनीत महिना ५००० रुपये पगार, मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त असं लोक म्हणायचे.

१९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'त एकटीचे आठ रोल, माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, गोरी मड्डम... बाबा, फाळक्यांकडे पुरुष साड्या नेसायचे ते तुम्ही रंगवून सांगता ना, इथे बाई पोलीस झालीये!

पण मला खरी आवडली ती बोलपट आल्यावर. मूकपटात भाषा आली काय नि नाही काय, तोंड हलवायचं, पुढे पाटी येतेच. १९३१ ला 'आलम आरा' आला, तोही तिच्याच इंपीरियलचा, आणि हिरॉइन कोण तर झुबेदा, कारण हिला हिंदुस्तानी धड येत नव्हतं. एवढी स्टार, पण वर्षभर काम बाजूला ठेवून भाषा शिकत बसली आणि १९३२ ला 'माधुरी' या आपल्याच मूकपटाच्या बोलपटात परत आली. मग जुने हिट पुन्हा बोलते केले, 'इंदिरा बी.ए.'ची तर १९३४ ला 'इंदिरा एम.ए.' झाली, शिक्षण वाढलं बघ आई :)

'अनारकली' तिने तीनदा केला. १९२८ ला मूक, १९३५ ला बोलका, दोन्हीत अनारकली तीच. आणि १९५३ ला बीना रॉय अनारकली नि ही सलीमची आई, जोधाबाई. लोक याला उतरती कळा म्हणतात, मला नाही तसं वाटत, काम करत राहिली ना बाई. १९७३ चं फाळके पारितोषिक मिळालं, १९८३ ला गेली.

तिचे मूकपट बहुतेक नष्टच झालेत, त्यामुळे ते आठ रोल काही बघायला मिळत नाहीत. आई, तू १९५३ चा बघितलायस ना? ती जोधाबाई कशी वाटली तेवढं लिही. बाबांना विचारू नको, ते लताबाईंची गाणीच म्हणत बसतील.

तुमची,
लेक