डोळे मिटून बाटली शोधणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नव्या पेठेतल्या तुमच्या रंगांच्या दुकानात रोज किती माणसं येत असतील! माझा चेहरा तुमच्या लक्षात असेल-नसेल. दिवाळीच्या आधी, भर दुपारी, एक बाई पिशवीतनं काचेचे चार ग्लास घेऊन आली होती आणि बोलता बोलता तिला रडू फुटलं होतं. ती मी.

ते ग्लास माझ्या आईचे. तिनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगारांसाठी बांधलेल्या विडी घरकुलातल्या १०,००० घरांमधलं एक घर आमचं. २००६ साली घरकुलाचं लोकार्पण झालं, त्या दिवाळीच्या बोनसमधनं तिनं हे सहा ग्लास घेतले. स्वतःच्या घरात काचेच्या ग्लासातनं पाणी प्यायचं, एवढीच तिची हौस.

पुढं काचबिंदू झाला. त्यात गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. कोरी काच, त्यात पाणी, खाली पांढरी फरशी. तिला ग्लास दिसायचाच नाही. हात नुसता हवेत फिरायचा. दोन फुटले. घरातले म्हणाले, स्टीलचा द्या. आई काही बोलली नाही. पाणी मात्र कमी प्यायला लागली.

म्हणून मी ग्लास रंगवायला घेतले. एका दुकानदारानं ‘सगळ्यावर चालतो’ म्हणून सहा बाटल्या गळ्यात मारल्या. पहिल्याच धुण्यात रंगाची सालं निघाली. मग फी भरून एका क्लासला गेले. तिथं फुलंपानं शिकवली, आणि रंग का सुटतो विचारलं तर सगळ्यांसमोर उत्तर मिळालं, ‘तुमचा हात बसलेला नाही.’ ते मला फार लागलं होतं, काका.

तुम्ही ग्लास उजेडाकडं धरून बघितला आणि म्हणालात, ‘काच रंग पीत नाही ओ. त्यावर बोटाचं तेल राहिलं की रंग सुटणारच. तुमच्या हाताचा काय दोष?’ कापसावर स्पिरिट घेऊन तुम्ही स्वतः तो ग्लास पुसलात. आणि मग विचारलंत, ‘पण रंगवायचा कशासाठी?’ हे तोवर कुणीच विचारलं नव्हतं. विकणाऱ्यानं नाही, शिकवणाऱ्यानं नाही.

मी आईचं सांगितलं. तुम्ही फळीवरची नमुन्याची रंगवलेली बाटली काढलीत, काउंटरवर ठेवलीत आणि डोळे मिटलेत. गिऱ्हाईकं उभी होती, कुणीतरी सुट्टे मागत होतं. तुम्ही डोळे मिटूनच हात पुढं सरकवत बाटली शोधलीत, तिच्यावरच्या आउटलायनरच्या, म्हणजे कडा काढायच्या जाड रंगाच्या, उंच रेघेवरनं हळूहळू बोट फिरवलंत. म्हणालात, ‘रंग नाही दिसला तरी रेघ बोटाला कळंल. विड्या वळलेली बोटं आहेत त्यांची.’

माझ्या आईच्या जागी जाऊन बघायला एक परका माणूस भर दुकानात डोळे मिटून उभा राहिला. घरी मलाही हे सुचलं नव्हतं. शिकलेली, हुशार माणसं मी पुष्कळ बघितली. समोरच्याचं दुखणं घटकाभर स्वतःच्या अंगावर घेऊन बघणारी फार थोडी भेटली. अशी माणसं आहेत म्हणून माझ्यासारखीला परत दुसऱ्या दुकानाची पायरी चढायचा धीर होतो.

मी उचललेल्या रंगाच्या बाटल्यांतली एक पिवळी ठेवून बाकीच्या तुम्ही परत फळीवर लावल्यात. ग्लासाच्या काठाखाली दोन बोटांवर रबरबँड चढवलंत, ‘याच्या वर रंग नको, तिथं ओठ लागतो.’ रंग पक्का व्हायला ग्लास भाजावे लागतात, पण आमच्याकडं ओव्हन नाही म्हटल्यावर रंगवलेले ग्लास स्वतःच्या घरी नेऊन भाजून आणलेत, त्याचे पैसे घेतले नाहीत. ते रबरबँड मी जपून ठेवलंय.

ग्लासाला भोवती जाड पिवळा पट्टा आहे, त्याच्या वर-खाली उंच रेघा. आता तो गडद सोलापुरी चादरीच्या तुकड्यावर ठेवते, म्हणजे पिवळा उठून दिसतो. परवा रात्री लाइट गेले होते. मी मेणबत्ती शोधत होते, तेवढ्यात मागनं आईचा आवाज आला, ‘राहू दे, मी पाणी प्यायले.’

आईचा तुम्हाला नमस्कार. शेंगाचटणी कुटून ठेवलीय, कडक भाकरीही आहे. रविवारी दुकान बंद असताना काकूंना घेऊन घरी या. पाणी आई स्वतः देणार म्हणतेय.

तुमची,
विडी घरकुलातली लेक