नक्षीला इस्त्री नको

महोदय,

जुने वाडे उतरवून तिथे इमारती उभ्या राहिल्याच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. खांब गेले, तुळया गेल्या म्हणून वाचक हळहळतात. मी जे लिहितोय ते त्याच वाड्यांबद्दल आहे, पण त्या लाकडावरची नक्षी संगणकात गेल्यावर तिचं काय होतं त्याबद्दल. मी वाईचा सुतार, वय ५८. हातानं देव्हारे कोरणाऱ्या घरात जन्मलो आणि गेली नऊ वर्षं सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या हुकमानं लाकूड कोरणाऱ्या मशीनवर, पोट भरतोय. तेव्हा मशीननं कला मारली असं रडगाणं माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. मशीनचे हप्ते मीच फेडलेत.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या आळीतला एक वाडा उतरवायला काढला. दिंडी दरवाजावरची सागवानी गणेशपट्टी काढून ओट्यावर टेकवून ठेवली होती. लांबी चार फूट, रुंदी नऊ इंच. दुपारी वखारवाला येणार होता. मालकांनी सकाळचे तीन तास दिले. नक्षीचे भरपूर फोटो काढायचे, त्यांवरून संगणक तिचा उंचसखल आकार उभा करतो, आणि ती फाइल राउटरला दिली की तशीच नक्षी लाकडात कोरली जाते. आभाळ भरलेलं होतं ते बरंच झालं, कडक उन्हात नक्षीच्या काळ्या सावल्या पडतात, त्या सरकत राहतात आणि संगणकाचा हिशेब चुकतो. माझ्या धाकट्या मुलीनं मोबाइलवर १८० फोटो काढले. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला दोनतृतीयांश भाग तरी यायला हवा, म्हणून ती इंचाइंचानं सरकत होती. शेजारी लोखंडी फूटपट्टी ठेवली, कारण नुसत्या फोटोंवरून आकार कळतो, माप कळत नाही.

ती फोटो काढत होती तोवर मी पट्टीवरून बोटं फिरवत होतो. मध्ये गणपती, दोन्हीकडे वेल, टोकाला एकेक पोपट. उजव्या वेलीत तिसऱ्या पानापाशी लाकडाला सुपारीएवढी गाठ होती. गाठीवर पटाशी उडते, रेघ फुटते. त्या कारागिरानं तिथे जोर केलेला नाही. वेल गाठीला वळसा घालून नेली आणि गाठ तशीच फुगीर ठेवली, कळी वाटावी अशी. डावी वेल मात्र सरळ जाते. घाईत बघणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्याच वाटतील. मलाही आधी बोटाला कळलं, मग डोळ्याला.

त्या फोटोंवरून झालेली फाइल मी व्यवसायातल्या एका ओळखीच्या माणसाला फुकट दिली. दीड वर्षानं एक गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन आलं. "मिस्त्री, ही नक्षी मारून द्या, विकत घेतलीय." फाइल उघडली तर आमचीच चार फुटांची पट्टी काडेपेटीएवढी! एसटीएल फाइलीत, म्हणजे असा आकार साठवायच्या फाइलीत, नुसते आकडे असतात, ते इंच की मिलिमीटर हे लिहिलेलंच नसतं. ४८ इंचांचे ४८ मिलिमीटर झाले होते. उलट झालं असतं तर शंभर फुटांची गणेशपट्टी निघाली असती. २५.४ नं गुणून मोठी केली आणि पाहतो तर दोन्ही वेली तिसऱ्या पानापाशी वळसा घालताहेत. कुणीतरी उजवी बाजू आरशात धरल्यासारखी उलटवून डावीकडे चिकटवली होती. वर अशी काही इस्त्री फिरवली होती की गाठ पार पुसली गेली. दोन्ही वेली कशाला तरी वळून जातात आणि मध्ये काहीच नाही. पोपटाची चोच बोथट होऊन त्याची कोंबडी झालेली. गणपतीचे डोळे न्हाणीतल्या झिजलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखे.

गिऱ्हाइकाला मी मूळ फाइलीवरून पट्टी करून दिली. पण तीच बिघडलेली फाइल आणखी किती दारांवर चढली असेल कुणास ठाऊक.

फाइल अजिबात साफ करू नये असं मी म्हणत नाही. त्या पट्टीवर ऑइलपेंटचे चार हात होते, ओघळ सुकून थेंब झालेले होते, कोपऱ्यात पेंट साचलेला होता. मोबाइलच्या फोटोंतून काढलेल्या आकारावर सपाट जागीही पुरळ उठल्यासारखं दिसतं. ते काढावंच लागतं. चूक होते ती पुढे. आमच्यातले बरेच जण सगळी पट्टी निवडतात आणि एका बटणात 'स्मूथ मारतात'. त्या बटणामागे होतं एवढंच, की पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू त्याच्या शेजाऱ्यांच्या सरासरीकडे ओढला जातो. एका फेरीत पुरळ जातं, पाचव्या फेरीत पानाच्या शिरा जातात, विसाव्या फेरीत नाक. शिवाय दर फेरीला आकार थोडा आक्रसतो. यावर तोड निघून बरीच वर्षं झाली. गॅब्रिएल टॉबिन या संशोधकानं १९९५ मध्ये अशी रीत मांडली की एकदा आत ओढायचं आणि लगेच त्याहून किंचित जास्त बाहेर ढकलायचं, म्हणजे आकार आक्रसत नाही. इटलीत पिसा इथे तयार झालेल्या मेशलॅब या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ही सोय त्याच्याच नावानं दिलेली आहे. पण ती वापरली तरी सगळीकडे सारखी फिरवू नये. जमीन, म्हणजे नक्षीमागचा सपाट भाग, हवी तेवढी गुळगुळीत करा. पानांना बेतानं. चेहऱ्याला हात लावायचा तर हातात पटाशी आहे असं समजून लावा.

आणि एवढी घाई कशाला? फाइल थोडी खरबरीत राहिली तरी पुढे तीन ठिकाणी ती आपोआप घासली जाते. ३ मिलिमीटरचा बॉलनोज बिट, म्हणजे मशीनचं गोल टोकाचं पातं, त्याहून अरुंद खोबणीत उतरतच नाही. मग पॉलिश पेपर. मग लाकडाची छिद्रं भरणारा सीलर. तिन्ही मिळून इतकं बुजवतात की संगणकात आधीच बुजवून ठेवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. ही पट्टी ०.३ मिलिमीटरच्या अंतरानं फिनिशिंगला, म्हणजे शेवटच्या बारीक कोरणीला, लावली तर ७६० च्या आसपास फेऱ्या होतात, बिट ९०० मीटरच्या वर चालतो, सहा तास मशीन अडकतं. सहा तास घालवून साबणाची वडीच काढायची असेल तर बाजारात ती दहा रुपयांत मिळते.

फाइली वाटण्याच्या पद्धतीनं आणखी घोळ होतो. पुष्कळ जण नक्षी काळ्या-पांढऱ्या चित्राच्या रूपात ठेवतात. पांढरं ते वर, काळं ते खोल. साध्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा असतात. नक्षी २० मिलिमीटर खोल असेल तर एकेक पायरी ०.०८ मिलिमीटरची पडते, जवळजवळ कागदाच्या जाडीची. गणपतीच्या पोटावर त्या पायऱ्या डोंगरउतारावरच्या भातखाचरांसारख्या दिसतात. १६ बिटचं चित्र ठेवलं तर ६५,५३६ छटा मिळतात आणि हा प्रश्नच उरत नाही. वर ते चित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की आणखी दाबलं जातं. मग पायऱ्या घालवायला पुन्हा स्मूथ मारा. अहो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तेवढ्यानं पुढची इस्त्री वाचते.

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पत्र्याच्या पेटीत खाकी कागदावरचे खाके असायचे. रेघेवर सुईनं भोकं पाडलेली. कागद लाकडावर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की नक्षी उठायची. हे खाके गावोगावच्या सुतारांत फिरायचे, दिवाळीला गेले की पाडव्याला परत यायचे. पैसे कुणी मागितल्याचं आठवत नाही. पण प्रत्येक खाक्याच्या कोपऱ्यात आबांनी पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं: कुठल्या वाड्यावरून घेतला, लांबी किती, लाकूड कुठलं. एकावर तर आहे, "इथं चीर होती म्हणून पान लहान घेतलं, चांगल्या लाकडात मोठं घ्यावं." एवढं चार ओळींचं टिपण आज फाइलीबरोबर जाईल तर माझी तक्रार संपली. आणि साफ केलेल्या फाइलीबरोबर मूळ कच्ची फाइलही द्या, म्हणजे पुढच्याला माझी चूक दुरुस्त करता येईल.

विकण्यालाही माझा विरोध नाही. फाइल साफ करायला दोन-दोन दिवस जातात, त्याचे पैसे घ्यावेत. पण दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या वेलीवर 'आमचं डिझाइन' असा शिक्का मारणं हे काय आहे? १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. आमच्या आळीतला तो कारागीर त्याहून कितीतरी आधी गेला, त्याचं नावही कुणाला माहीत नाही.

सरकारी आणि सार्वजनिक संग्रहालयांनी मनावर घेतलं तर अर्धी अडचण सुटेल. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेनं फेब्रुवारी २०२० मध्ये २८ लाख चित्रं आणि त्रिमितीय प्रतिकृती कुणालाही, कशासाठीही वापरायला खुल्या केल्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले कोरीव दरवाजे किंवा विश्रामबागवाड्याचे सुरूचे खांब असे मोजून, माप लिहून खुले झाले तर माझ्यासारखा माणूस चोरट्या फाइलीच्या वाटेला जाणारच नाही. तिकीट काढून आत जायचं आणि राखणदाराची नजर चुकवून मोबाइल काढायचा, हे या वयात शोभत नाही.

तोवर एक विनंती. वाई परिसरात कुणाचा वाडा उतरणार असेल तर वखारवाल्याच्या आधी मला कळवावं, संपादकांकडे माझा पत्ता आहे. आम्ही बापलेक येऊन फोटो काढू, लाकडाला धक्का लावणार नाही, पैसे घेणार नाही, आणि मूळ फाइलीची एक प्रत मालकांना देऊ. आजवर अशा अकरा नक्ष्या जमल्यात. ज्या सुतारांना हव्या असतील त्यांनी न्याव्यात, टिपणासकट. फोटो धरून सगळं १९ जीबी होतं, तेव्हा पेन ड्राइव्ह ३२ चा आणावा.

आपला,
एक सुतार, वाई (जि. सातारा)
(नाव छापू नये. फाइली विकणारे आणि घेणारे दोघेही माझीच गिऱ्हाइकं आहेत.)