खुंटीवरची माळ

फलटण
रविवार, रात्री साडेनऊ

चि. छकुली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "पप्पा, तुमची दारू नक्की कशानं सुटली? माळेनं, तात्यांनी की औषधानं?" कॉलेजात व्यसनाचा विषय चाललाय म्हणालीस. मी "सगळ्यांनी मिळून" म्हणालो आणि फोन ठेवला. ते खोटं नव्हतं, पण त्यात एक गोष्ट मी गिळली. इतकी वर्षं गिळत आलोय. तोंडानं सांगवत नाही, म्हणून लिहितो.

2017 च्या आषाढीला मी पंढरपुरात माळ घातली तेव्हा तू नववीत होतीस. आजीनं आधी फार विनवलं होतं. माळ घालायची म्हणजे मद्य-मांस वर्ज्य, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही. मला वाटलं, विठोबाच्या पायाला लावलेली तुळस गळ्यात आली की हात बाटलीकडे वळणारच नाही. तीन महिने वळला नाही. दिवाळीच्या तोंडावर एका कपाटाचे पैसे हातात आले. संध्याकाळी दुकानात एकटाच होतो. माळ काढली, गुण्या अडकवतो त्या खुंटीला अडकवली आणि निघालो. पुढं ते रोजचंच झालं. संध्याकाळी काढायची, सकाळी आंघोळ करून घालायची.

एके दिवशी तू डबा घेऊन दुकानात आलीस. दुपारीच घेऊन बसलो होतो. गळा रिकामा बघून विचारलंस, "पप्पा, माळ?" मी म्हणालो, "दोरा तुटलाय, ओवायचीय." तू काही न बोलता परत गेलीस आणि शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन धावत आलीस. माळ ओवल्याशिवाय वारकरी जेवत नाही, असं आजीनं तुला सांगितलं होतं. पप्पा उपाशी राहतील म्हणून तू एवढ्या उन्हातून पळत आली होतीस. माळ तुझ्या डोक्याच्या वर, हातभर अंतरावर अख्खी लटकत होती. मी दोरा घेतला आणि तुला घरी पाठवलं.

छकुली, दोरा तुटला नव्हता.

त्या लाजेनं मी डिसेंबरात ठरवलं, आता एक थेंबही नाही. कुणालाच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी हाताचा कंप इतका वाढला की पटाशी धरवेना, तिसऱ्या दिवशी फिट आली. तुझ्या आईनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं ते तुला माहीतच आहे. डॉक्टरांनी नंतर समजावलं, वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केलं की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून ते देखरेखीखालीच सोडवतात, झोपेची औषधं देतात, बी-1 ची इंजेक्शनं देतात. हे मुद्दाम लिहितोय. उद्या तुझ्यासमोर कुणाचा तरी बाप येऊन बसेल. "मनावर घ्या आणि आजपासून बंद करा" असं त्याला सांगू नकोस. आधी डॉक्टरकडे पाठव.

तात्या मला त्या वॉर्डातच भेटले. एस.टी.चे रिटायर्ड ड्रायव्हर, गळ्यात माळ, दारू सोडून तेरा वर्षं झालेली. स्टुलावर बसले आणि उपदेशाचा एक शब्द न काढता स्वतःचंच सांगत राहिले. ड्यूटी कशी चुकवायचे, घरात काय काय चोरलं, सगळं. मला वाटलं, हा माणूस माझंच सांगतोय.

तेच मला ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला घेऊन गेले. ती चळवळ सुरू झाली तीही अशीच. 1935 साली अमेरिकेत ॲक्रन गावी बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस धंद्यात अपयश घेऊन हॉटेलात उभा होता. दारूची ओढ लागली तेव्हा त्यानं चर्चमध्ये फोन लावून दुसरा एखादा दारुडा शोधला. आपण पिऊ नये म्हणून. तो दुसरा म्हणजे डॉ. बॉब, सर्जन. दोघं तासन्‌तास बोलत बसले. तिथं दारू सोडायच्या बारा पायऱ्या सांगतात, त्यांत देव आहे, पण ज्याला जसा कळेल तसा. माझा विठोबा मला तिथं घेऊन जाता आला.

माळेचं मी सगळ्यात आधी तात्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तू विठोबाला राखणदार नेमलंस आणि त्यालाच खुंटीला टांगून गेलास. त्याला राखण करायला सांगू नकोस, सोबत चल म्हण." तेव्हापासून रोज रात्री नऊला त्यांचा फोन. प्यायलास का, असं एकदाही विचारलं नाही. "जेवलास का?" एवढंच. मी देवाला फसवत होतो, निदान तसं मला वाटत होतं. तात्यांना फसवता येईना, कारण माझी प्रत्येक थाप त्यांनी आधीच कुणाला तरी मारलेली होती. तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे याहून खरं उत्तर नाही. श्रद्धा माझी तेव्हाही होती गं, पण ती एकट्याची होती.

2018 ला माउलींची पालखी फलटणला आली तेव्हा मी रिकाम्या गळ्यानं कडेला उभा होतो. एका दिंडीच्या ट्रकची फळी मोडली होती. तात्यांनी मला पुढं ढकललं. मी रंधा मारला, फळी बसवली, हात जराही हलला नाही. माळ पुन्हा घातली ती पुढच्या वर्षी कार्तिकीला, तात्यांनी "आता घाल" म्हटल्यावर.

आता त्यांना नीट दिसत नाही. फोन मीच लावतो, आत्ताच लावून झाला.

नववी पायरी अशी की ज्याला दुखावलं त्याची भरपाई करायची. तुझ्या आईशी, आजीशी बोलून झालं. तुझ्यापाशी येऊन मी थांबलो होतो, कारण तू कधी काही मागितलंच नाहीस. मला माफ कर. लगेच नाही केलंस तरी चालेल. रागाव, भांड, मी ऐकेन.

आणि दहावीला तुला टेबल करून देतो म्हणालो होतो. माप घेतलं होतं, लाकूड आणलं नाही. आता साग आणलाय, चांगला वाळलेला. तुझ्या खोलीतल्या खिडकीखालच्या भिंतीची लांबी कळव. टेप नसेल तर वितीनं मोज, तुझी वीत किती ते मला माहीत आहे.

तुझा,
पप्पा