झाकण लावल्यावरही जागा राहणारा लॅपटॉप आणि माझ्या माथी मारलेला बॅटरीचा खर्च

लोकमान्य नगर, इंदूर
९ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
पुणे कार्यालय

विषय : लॅपटॉप स्लीपमध्ये न जाणे, त्यामुळे बॅटरी खराब होणे आणि सर्व्हिस सेंटरने दुरुस्ती न करताच लॅपटॉप परत देणे.

स.न.वि.वि.

फोनवर आपल्या पुण्याच्या प्रतिनिधींनी सविस्तर मराठीतच लिहा म्हणून सांगितलं, म्हणून हे पत्र. जॉब कार्डाची प्रत, बिल आणि खाली उल्लेख केलेले रिपोर्ट सोबत जोडले आहेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये मी आपला लॅपटॉप इंदुरात अधिकृत दुकानातून घेतला. मी लहान व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं करते. दिवसभरात सियागंज, मल्हारगंज, सराफा, कधी देवास अशी चार ठिकाणी जाते. प्रत्येक दुकानात मशीन बंद करून पुन्हा चालू करायला वेळ नसतो. झाकण लावायचं, पिशवीत टाकायचं, पुढच्या गादीवर उघडायचं. पहिले सहा महिने काही त्रास नव्हता. रात्री झाकण लावून ठेवला तर सकाळी चार-पाच टक्के बॅटरी कमी झालेली असे, एवढंच.

३ मार्चला आपल्याच अपडेट ॲपने बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) नवा टाकला. त्या आठवड्यापासून सगळं बिघडलं. देवासला जाताना बसमध्ये पिशवी मांडीवर होती, तर साडीवरून ऊब लागायला लागली. चेन उघडून आत हात घातला तो चटका बसला. झाकण नीट बंद होतं, दिवा मंद लुकलुकत होता, आणि आत पंखा जोरात फिरत होता. त्यानंतर कितीतरी रात्री मी त्या पंख्याच्या आवाजाने उठले आहे.

१० मे चा प्रसंग मुद्दाम लिहिते. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१ (महिन्याच्या विक्रीचं विवरणपत्र) भरायची मुदत होती. घरून निघताना बॅटरी ८८ टक्के होती. सियागंजात संध्याकाळी लॅपटॉप उघडला तर पडदा काळाच. गुळाच्या भेल्यांच्या थप्पीशेजारी प्लग शोधून चार्जर लावला, तेव्हा तो सुरू झाला, पण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला त्या फर्मचा डेटा नीट उघडेना. शेवटी आदल्या दिवसाच्या बॅकअपवरून काम सुरू केलं आणि ६३ बिलं पुन्हा भरली. घरी पोचायला रात्रीचे साडेअकरा झाले. विवरणपत्र चुकलं असतं तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क त्या व्यापाऱ्याला पडलं असतं. त्याहून मोठी गोष्ट, माझ्यावरचा त्याचा भरवसा गेला असता.

मग मी स्वतः शोधायला बसले. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /ए’ ही स्लीपचे प्रकार दाखवणारी आज्ञा चालवली. या मशीनला पूर्ण झोपेचा जुना एस-३ स्लीप नाहीच, फक्त नेटवर्कशी जोडलेला एस-० स्टँडबाय आहे, असं तिथे स्पष्ट दिसतं. म्हणजे झाकण लावल्यावर मशीन पूर्ण झोपत नाही, अर्धवट जागं राहतं. आणि एखादा भाग त्याला झोपू देत नसेल, तर बॅगेत काम चालूच राहतं. झोपेत बॅटरी किती आणि कशाने गेली हे दाखवणारा ‘स्लीपस्टडी’चा रिपोर्ट काढला. २७ मे च्या रात्री ११.४० ते सकाळी ६.१० या साडेसहा तासांत बॅटरी ९२ वरून ३१ टक्क्यांवर आली होती. सरासरी सुमारे ४ वॅट, आणि तेही झोपेत! रिपोर्टातल्या त्या रात्रीच्या ओळीवर लाल पट्टी आहे आणि सर्वांत जास्त जागं ठेवणारा भाग म्हणून वायफाय कार्डाचं नाव आहे. मी त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बदलला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये मशीन जागं करण्याची परवानगी काढली, ठरल्या वेळी मशीन जागं करणारे वेक टायमर बंद केले. आधी चार्जर काढून झाकण लावलं, मग आधी झाकण लावून चार्जर काढला. फरक पडला नाही.

त्यानंतर मी झाकणाच्या सेटिंगमध्ये स्लीपऐवजी हायबरनेट निवडलं, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून मशीन पूर्ण बंद होतं. तीच बॅटरी, तोच चार्जर, तेवढेच तास. सकाळी एकच टक्का कमी झाला होता. एवढ्यावरून उघड आहे की चार्ज बॅटरीतून आपोआप गळत नव्हता. मशीन तो खात होतं.

हे सगळं २ जूनला सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर मांडलं. रिपोर्ट कोणी उघडूनही पाहिला नाही. तंत्रज्ञ म्हणाले, “मॅडम, ढक्कन मत लगाया करो, शटडाउन किया करो.” मशीन तासभर चार्जर लावून उघडं ठेवलं, विंडोज नव्याने टाकलं आणि जॉब कार्डावर ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलं. झाकण लावून, चार्जर काढून एक रात्रही तपासलं नाही. घरी आणल्यावर दुसऱ्याच रात्री पुन्हा तेच. वर नव्या बॅटरीचं ६,८०० रुपयांचं कोटेशन हातात दिलं, क्षमता कमी होणं वॉरंटीत बसत नाही म्हणून!

विंडोज पुन्हा टाकलं की जुन्या नोंदी जातात, म्हणून बॅटरी रिपोर्ट मी आधीच पेनड्राइव्हवर काढून ठेवला होता. मूळ क्षमता ५३,००० मिलीवॅट-तास, फेब्रुवारीअखेर ५०,९००, आता ४१,३००. सहा महिन्यांत जेवढी झीज झाली, तिच्या चौपटीहून जास्त पुढच्या तीन महिन्यांत. रोज रात्री रिकामी होणारी, बंद पिशवीत तापणारी लिथियम बॅटरी झिजणारच. ती झीज माझ्या वापराने झालेली नाही आणि तिचे पैसे मी देणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. हा बायोस दुरुस्त करून द्यावा किंवा मार्चपूर्वीचा परत टाकून द्यावा. वायफाय कार्ड तपासावं. बॅटरी विनामूल्य बदलावी. आणि मशीन परत देण्याआधी चार्जरशिवाय झाकण लावून रात्रभर ठेवावं व त्या रात्रीचा स्लीपस्टडी रिपोर्ट जॉब कार्डाला जोडावा. वॉरंटी ऑगस्टमध्ये संपते. ही तक्रार त्याआधीची आहे, याची नोंद घ्यावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार इंदूरच्या जिल्हा आयोगाकडे जाईन. मी राहते तिथेच दावा दाखल करता येतो, पुण्याला यावं लागत नाही, हे मला माहीत आहे. पण ती वेळ येऊ नये, असं मनापासून वाटतं. मशीन एरवी चांगलं आहे आणि माझं पोट त्यावर चालतं.

२० जूनला जीएसटीआर-३बी (महिन्याच्या कराचं विवरणपत्र) ची मुदत आहे, तोवर लॅपटॉप हातातून सोडता येणार नाही. २१ तारखेला सकाळी दहानंतर माणूस पाठवलात तर मी घरीच असेन. दुरुस्तीला दोन दिवसांपेक्षा जास्त लागणार असतील, तर त्याच्याबरोबरच तात्पुरतं दुसरं मशीन पाठवावं.

आपली,
तक्रारदार ग्राहक